नर की मादी

अग्वाहेच्या दलदलीत
नर झाड उभंच राहतं, ते फळत नाही.
म्हणून कुऱ्हाड कायम मादीवरच पडली.
मी कधी मोजली नाहीत. पण तीस वर्षं, वर्षाला वीस धरली
तर हिशेब होतो, आणि तो मी
नातीसमोर मोठ्याने करत नाही.

तीस मीटर चढणार कोण?
पाडलं की घोस आपसूक हाताशी,
तांबूस खवल्यांची फळं, माशाचं कातडं पांघरल्यासारखी,
आणि इकितोसचा व्यापारी पोत्याचे पैसे देतो,
पोतं कसं भरलं ते विचारत नाही.
पडल्या खोडात तीन महिन्यांनी सुरी अळ्या होतात,
अंगठ्याएवढ्या, लोण्यासारख्या.
झाड मेलं तरी जेवू घालतं, असं आम्ही म्हणायचो.
मनाची समजूत काढायला माणसाला अळीही पुरते.

माझ्या आईला चुलीपाशी बसून
फळ गळाल्याचा आवाज यायचा.
मला अर्धा दिवस वल्हवावं लागलं.
माझ्या मुलाला दोन दिवस, वर इंजिनाचं तेल.
वरून पाहिलं तर जंगल जसंच्या तसं.
खाली नुसते बाप्ये उभे,
आणि टॅपिर यायचे, वास घ्यायचे, परत जायचे.

मग दोर आले. एक फास कमरेला, एक पायाला.
सभेत एउदोसिया मुरायारी उठली:
दिवसाला पाच पाडणारा आता दोनच चढेल.
उरलेल्या तिघांचं मीठ-तांदूळ कोण देणार?
झाडं वाचवा म्हणणारे जेवून आलेले असतात.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तीच म्हणाली, पोतं विकूच नका, गर विका.

पहिल्या वर्षी सगळा गर धक्क्यावरच आंबला.
दुसऱ्या वर्षी बर्फाच्या पेट्या मिळाल्या, उधारीवर.
भाव सव्वापट.
फळ्यावर आम्ही दुप्पट लिहिलं होतं,
ते अजून कुणी पुसलेलं नाही.

त्याच हंगामात एका रात्री झाड पडलं.
तो आवाज मी झोपेतही ओळखतो:
आधी शीळ, मग पाणी.
अर्किमेदेस तामानीची पोर तापाने फणफणली होती,
दवाखाना नदीच्या खाली सहा तास.
सकाळी सगळे त्याच्या दाराशी. दंड, दंड.
वयाने मोठा म्हणून मला पुढे ढकललं.
मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो?
एउदोसियाने पेटी उघडली
आणि तेलाचे पैसे त्याच्या हातावर मोजले.
पुढच्या वेळी, ती म्हणाली,
कुऱ्हाडीला हात लावायच्या आधी माझं दार वाजव.
पोर वाचली.
पाडलेल्या खोडातल्या अळ्या
तीन महिन्यांनी आम्ही सगळ्यांनीच खाल्ल्या, खोटं कशाला बोलू.

आता नीलसा चढते.
मी खाली घोसाचा दोर धरून, मान वर, तोंडात मुंग्या.
ती वरून ओरडते, आजोबा, इथून नदीची दोन्ही वळणं दिसतात!
मी म्हणतो, घोस आधी बांध.
उभ्या आयुष्यात या झाडांचे शेंडे मी
जमिनीवर पडलेलेच पाहिले.

घरामागच्या ओलीत मी बिया टाकल्या.
चौदा रोपं उगवली.
नर की मादी, फुलोरा येईतो कळत नाही,
सात वर्षं, कदाचित आठ.
नीलसा विचारते, सगळी नर निघाली तर?
निघाली तर निघाली, त्यांच्यावाचून तरी फळ कुठे धरतं.
आणि तुम्हाला कळायचं कधी?
मी उत्तर देत नाही.
पाणी घालावं लागत नाही, दलदलच आहे.
मी फक्त डुकरं हाकलतो.